'शांत बस' म्हटल्याने मूल विसावत नाही

मूल दमले आहे हे ओळखणे वाटते तितके सोपे नसते. मोठे माणूस दमले की त्याची हालचाल मंदावते, आवाज उतरतो, ते कुठेतरी टेकून बसते. सहा-सात वर्षांचे मूल दमले की बहुधा याच्या उलट वागते. ते वर्गभर धावते, शेजारच्याची पेन्सिल ओढते, क्षुल्लक कारणावरून रडू लागते, सांगितलेले ऐकेनासे होते, आणि पाहणाऱ्याला वाटते की याच्या अंगात फारच मस्ती आहे, याला अजून थोडे पळवले पाहिजे. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीचे वर्ग बरीच वर्षे सांभाळल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, आपण ज्याला दंगा म्हणतो त्यातला मोठा भाग थकव्याचा असतो. कपाळामागचा मेंदूचा जो भाग स्वतःला आवरण्याचे काम करतो, तो या वयात अजून घडत असतो आणि थकव्याचा फटका त्याला लवकर बसतो. म्हणून दमलेले मूल आवरत नाही, आणि आवरत नाही म्हणून आपण त्याला रागावतो. विश्रांती मुलाला सांगून मिळत नाही. ती शरीराच्या वाटेने त्याच्यापर्यंत पोहोचवावी लागते, आणि ती सोय मोठ्यांनाच करावी लागते. याविषयी अनुभवातून आणि वाचनातून जे कळत गेले, ते इथे सविस्तर लिहिते आहे.

आपल्या शाळांत मुलांना शांत करण्याची एक रीत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे: 'हाताची घडी, तोंडावर बोट'. ही आज्ञा दिल्यावर एकदा मुलांकडे अगदी जवळून पाहावे. खांदे कानांकडे चढलेले असतात, दातांवर दात दाबलेले असतात, पायाची बोटे बसकरपट्टीत रुतलेली असतात, काही मुले तर श्वाससुद्धा रोखून धरतात. वर्गात आवाज नसतो, म्हणून आपल्याला ती शांतता वाटते. मुलासाठी मात्र ते अंगमेहनतीचे काम असते, कारण सगळे स्नायू आखडून एका जागी थांबायला बरीच शक्ती लागते. पाच मिनिटांनी 'आता सोडा' म्हटले की वर्ग आधीपेक्षा जास्त उसळतो, त्याचे कारण हेच आहे. शिस्तीसाठी ही आज्ञा कधीमधी उपयोगी पडत असेल. विश्रांतीसाठी ती अजिबात उपयोगी नाही.

मग शरीर सैल सोडायला शिकवायचे कसे? 'अंग सैल सोड' हे वाक्य लहान मुलाला कळत नाही, कारण सैल अंग कसे लागते हे त्याने कधी मुद्दाम अनुभवलेले नसते. अमेरिकेतील एडमंड जेकबसन या वैद्यकाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात यावर एक साधी युक्ती शोधून काढली आणि १९२९ साली ती सविस्तर मांडली. एखादा स्नायू आधी जाणूनबुजून घट्ट आवळायचा आणि मग एकदम सोडून द्यायचा. आवळणे आणि सोडणे यांतला फरक शरीराला जाणवला की पुढे ते नुसते सोडणेही हळूहळू जमू लागते. स्नायूंचा ताण उतरला की मनाचा ताणही उतरू लागतो, हे त्यांच्या कामाचे सार होते. आपल्याकडे हठप्रदीपिका या जुन्या योगग्रंथात शवासनाविषयी हेच दुसऱ्या अंगाने सांगितले आहे: ते थकवा घालवणारे आणि चित्ताला विश्रांती देणारे आहे. शरीराची श्रांती आणि चित्ताची विश्रांती तिथे एकाच ओळीत आली आहे, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

मुलांसाठी मात्र या दोन्ही गोष्टी थोड्या बदलून घ्याव्या लागतात. पोषण आहाराची खिचडी खाऊन, हात धुऊन मुले परत आली की मी दार अर्धे लोटते, बसकरपट्ट्या एकमेकींपासून दूर पसरायला सांगते आणि सगळ्यांना उताणे झोपवते. पहिली आज्ञा हातांसाठी असते. 'हातात ओले फडके आहे. पिळा. अजून पाणी आहे त्यात, अजून पिळा. आता फडके टाकून द्या.' टाकून द्या म्हटल्यावर छोटे छोटे हात धप्पकन जमिनीवर पडतात, आणि त्या आवाजाची मुलांना स्वतःलाच गंमत वाटते. नंतर खांदे: 'फार थंडी वाजते आहे, मान खांद्यांत लपवा... ऊन आले, मान बाहेर काढा.' मग चेहरा: 'डोळ्यांत साबण जाणार आहे, डोळे घट्ट मिटा, नाक मुरडा... पाणी ओतले, साबण गेला.' त्यानंतर पोट आणि शेवटी पाय: 'चिखलात पाय रुतले आहेत, बोटांनी चिखल घट्ट धरा... सोडा.' प्रत्येक आवळणे मनातल्या मनात पाच अंक मोजण्याइतके, आणि सोडल्यानंतरची वेळ त्याच्या दुप्पट. हा सगळा प्रकार सहा-सात मिनिटांत आटोपतो. शवासन हे नाव मी वर्गात वापरत नाही, कारण एका मुलीने त्याचा अर्थ घरी विचारला आणि ती दुसऱ्या दिवशी आडवी व्हायलाच तयार होईना. आमच्याकडे त्याला 'चिंधीची बाहुली' म्हणतात.

बाहुली झालेल्या मुलाचा हात मी मनगटाला धरून बोटभर उचलते आणि सोडते. सैल सोडलेला हात जड लागतो आणि आपोआप खाली पडतो. न सोडलेला हात मला मदत करायला स्वतःच वर येतो. सुरुवातीच्या आठवड्यांत जवळजवळ सगळ्यांचे हात वर येतात. अशा वेळी 'तुला जमले नाही' असे चुकूनही म्हणू नये. 'पाहा, ही कशी छान झोपली आहे' असेही म्हणू नये, कारण तेवढ्याने ती चढाओढ होते, आणि चढाओढीत अंग सैल पडत नाही. एखादे मूल हसत राहिले, कूस बदलत राहिले, तर राहू द्यावे. ज्यांना डोळे मिटायला भीती वाटते त्यांना उघडे ठेवू द्यावेत, छताकडे पाहू द्यावे. घरात मार, भांडणे किंवा एखादा मृत्यू पाहिलेल्या मुलाला इतरांच्या मध्ये डोळे मिटून पडणे सुरक्षित वाटत नाही, आणि त्याची ती सावधगिरी समजून घेण्यासारखी असते. रोज तेच शब्द, त्याच क्रमाने वापरावेत. नवेपणा आणण्याचा मोह टाळावा. पुढे काय होणार हे माहीत असणे हाच मुलांसाठी अर्धा विसावा असतो. उठवतानाही घाई नको. आधी बोटे हलवायची, मग कुशीवर वळायचे, मग बसायचे, मग पाणी प्यायचे, आणि त्यानंतरच पाटी-पुस्तक.

श्वासाच्या बाबतीत एक सूचना मी आग्रहाने करते. मोठ्यांसाठी सांगितलेली मोजमापे, म्हणजे चार अंक श्वास घ्या, सात अंक रोखा, आठ अंक सोडा असली गणिते, लहान मुलांवर लादू नयेत. प्राथमिक शाळेतल्या मुलाचा श्वास मुळातच मोठ्यांपेक्षा जलद चालतो. विश्रांतीतही तो मिनिटाला साधारण वीसच्या आसपास असतो. मोठ्यांच्या तालावर श्वास ओढायला लावले तर मूल धापा टाकते आणि घाबरते. श्वास रोखायला तर सांगूच नये. जो परिणाम हवा आहे तो मुख्यतः श्वास सोडताना मिळतो. श्वास घेताना हृदय किंचित जलद चालते आणि सोडताना किंचित मंदावते. म्हणून उच्छ्वास लांबला की मेंदूपासून हृदयाकडे आणि पोटाकडे जाणारी व्हेगस नावाची नस हृदयाचा वेग उतरवते. मुलाचा उच्छ्वास लांबवण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे त्याला गुणगुणायला लावणे. भ्रामरीत भुंग्यासारखा 'म्म्म' असा आवाज काढताना श्वास आपोआप सावकाश बाहेर पडतो, अंक मोजावे लागत नाहीत. दुसरी रीत कागदाच्या होडीची आहे. मूल उताणे झोपले की त्याच्या पोटावर वहीच्या कागदाची होडी ठेवायची, आणि होडी बुडू न देता लाटेवर वर-खाली करायची. होडी हलली पाहिजे म्हणजे छातीने नव्हे, पोटाने श्वास घ्यावा लागतो, आणि होडी पडू नये म्हणून तो हळूच घ्यावा लागतो. आमच्या वर्गात प्रत्येकाची स्वतःची होडी आहे, तिच्यावर नाव घातलेले आहे, आणि फाटली की नवी करणे हेही मुलांच्या आवडीचे काम आहे.

शरीर असे सैलावले की मग मनासाठी एक फार सुंदर गोष्ट करता येते, ती म्हणजे शांतीचा खेळ. हा इटलीतील शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसोरी यांचा. १९०७ साली रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी पहिले बालगृह सुरू केले. तिथे एके दिवशी अंगणात भेटलेल्या एका बाईकडून तिचे चार महिन्यांचे बाळ घेऊन त्या वर्गात आल्या. दुपट्यात गुंडाळलेले ते बाळ अगदी निवांत होते. इतके शांत राहणे तुम्हाला कोणालाच जमणार नाही, असे त्या मुलांना सहज म्हणाल्या, आणि मुले खरोखरच तशी होऊ पाहू लागली. त्यांनी पाय जुळवले, श्वास हलके केले. तेव्हा खोलीत इतकी निःशब्दता झाली की एरवी लक्षातही न येणारे आवाज, दूर कुठे पाण्याचे थेंब पडण्याचा, बाहेरच्या पाखरांचा, ऐकू येऊ लागले. पुढे माँटेसोरी यांनी त्यात भर घातली. त्या शेजारच्या खोलीत जाऊन कुजबुजत्या आवाजात एकेका मुलाचे नाव घेत, आणि ज्याचे नाव ऐकू येईल त्याने आवाज न करता उठून त्यांच्याकडे जायचे.

माँटेसोरी यांचा विचार गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक या बालशिक्षणतज्ज्ञांनी भावनगरला भारतीय मातीत रुजवला. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला, आणि १९४५ नंतर ताराबाई व अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांमध्ये तो विचार नेला. आपल्याकडच्या बालवाड्यांना शांतीचा खेळ ठाऊक झाला तो याच परंपरेमुळे. त्यात बक्षीस नाही, शिक्षा नाही, हरणे नाही, आणि शांततेचा हेतू 'गप्प राहा' एवढाच नसून काहीतरी ऐकणे हा आहे, म्हणून मुले तो आपणहून मागतात. आमच्या शाळेमागे लिंबाचे झाड आहे, पलीकडे पिठाची गिरणी आहे, आणि दुपारी एसटी वळणावर गिअर बदलते. खेळ संपल्यावर कोणी काय ऐकले ते सांगायचे असते. 'बाई, मला माझ्या पोटातली खिचडी ऐकू आली,' असे एकदा एका मुलाने अत्यंत गंभीरपणे सांगितले, आणि ते खरेच असणार. नाव पुकारण्याच्या वेळी मी सर्वांत अस्वस्थ मुलाचे नाव आधी घेते, कारण त्याला शेवटपर्यंत थांबायला लावणे म्हणजे खेळाचे रूपांतर परीक्षेत करणे होय. एकही नाव राहणार नाही याची मात्र काळजी घ्यावी लागते. आपले नाव कोणीतरी इतक्या हळुवारपणे घेतले, ही गोष्ट मुले दिवसभर विसरत नाहीत.

अर्थात, दुपारच्या सात मिनिटांनी रात्रीच्या झोपेची भरपाई होत नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या संस्थेने २०१६ साली केलेल्या शिफारशींनुसार तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाची डुलकी धरून १० ते १३ तास, सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास आणि त्यापुढे अठरा वर्षांपर्यंत ८ ते १० तास झोप लागते. रात्री अकराला झोपून सकाळी साडेसहाला उठणाऱ्या दुसरीतल्या मुलाला साडेसात तास मिळतात. वाढीचे संप्रेरक मोठ्या प्रमाणात गाढ झोपेत स्रवते, आणि दिवसा शिकलेले पक्के होण्याचे काम बरेचसे झोपेतच चालते. त्यामुळे ही तूट पुस्तकावर आणि प्रकृतीवर, दोन्हीकडे दिसते. डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून शाळांच्या वेळा बदलण्याचा विचार व्हावा असे सुचवले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने पूर्व-प्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला. मला तो निर्णय मनापासून योग्य वाटतो. दोन सत्रांत भरणाऱ्या शाळा, स्कूलबसच्या फेऱ्या, नोकरीवर जाणारे आईवडील यांच्या अडचणी खऱ्या आहेत. परंतु त्या अडचणींचा भार आजवर सहा वर्षांच्या मुलाच्या झोपेवर टाकला जात होता, हेही तितकेच खरे आहे. मात्र शाळा नऊला भरते म्हणून रात्रीचे झोपणे एक तास पुढे ढकलले, तर मिळालेले सगळे हातचे जाते.

घरची संध्याकाळ पूर्वी क्रमाने उतरत असे. दिवेलागण झाली की हातपाय धुऊन शुभंकरोती, मग जेवण, मग अंथरूण, मग गोष्ट. या क्रमाकडे धार्मिक दृष्टीने पाहावे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. परंतु दिवस संपत आला आहे हे मुलाच्या शरीराला सांगणाऱ्या त्या पायऱ्या होत्या. अंधार पडला की मेंदूत मेलाटोनिन हे झोपेशी संबंधित संप्रेरक स्रवू लागते आणि झोपेची तयारी होते; प्रखर उजेडात ते दबते. लहान मुलांच्या डोळ्यांची बाहुली मोठी आणि भिंग अधिक स्वच्छ असते, त्यामुळे मोठ्यांना साधा वाटणारा उजेड त्यांच्यावर जास्त परिणाम करतो. म्हणून झोपण्याआधी तासभर ट्यूबलाइट बंद करून छोटा दिवा लावणे आणि मोबाइल दूर ठेवणे, ही दोन कामे इतर कोणत्याही उपायाच्या आधी करावीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसभरात पडद्यासमोर जास्तीत जास्त एक तास, आणि त्याहूनही कमी तर उत्तम, असे सांगितले आहे. आज अनेक घरांत मूल जेवतानाच तेवढा वेळ मोबाइल पाहते.

एका खोलीच्या घरात हे सांगणे सोपे, करणे अवघड आहे, याची मला पूर्ण जाणीव आहे. वडील रात्रपाळी करून आलेले, आजीची मालिका लागलेली, मोठ्या बहिणीचा दहावीचा अभ्यास, आणि याच खोलीच्या कोपऱ्यात मुलाचे अंथरूण. अशा पालकांना मी पालकसभेत शांत खोलीचा उपदेश करत नाही. एवढेच सांगते की मुलाचे अंथरूण टीव्हीकडे पाठ होईल असे घालावे, मध्ये दोरीवर एखादी जुनी साडी टाकावी, आवाज उतरवावा, आणि पाच मिनिटे कोणीतरी त्याच्याजवळ बसावे. त्या पाच मिनिटांत तळपायांना तेल चोळावे. आपल्याकडे काशाच्या वाटीने तळपाय घासण्याची रीत आहे. तिचे गुण मी वाढवून सांगणार नाही, परंतु हातपाय ऊबदार झाले की शरीराच्या आतली उष्णता बाहेर पडते आणि झोप लवकर येते, हे मात्र शरीरशास्त्राला धरून आहे. झोपण्यापूर्वी कोमट पाण्याने पाय धुण्याचाही उपयोग याच कारणाने होतो. 'आज शाळेत काय काय शिकवले?' हा प्रश्न या वेळी विचारू नये. त्याने मूल पुन्हा वर्गात जाऊन बसते.

शहरातल्या मुलांची अडचण वेगळी आहे. माझ्या बहिणीच्या सोसायटीतली मुले शाळेतून आली की अबॅकस, मग स्केटिंग, मग तबला, असे रोज फिरतात. यातली प्रत्येक गोष्ट चांगली आहे, आणि तरीही कोणीही काही शिकवत नाही असा वेळ मुलाच्या दिवसात असायलाच हवा. मातीत काडीने रेघोट्या मारणे, खिडकीत उभे राहणे, मुंग्यांची रांग पाहणे, हे मनाचे विसावणेच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील एकतिसाव्या कलमात खेळाच्याही आधी मुलाच्या विश्रांतीचा आणि मोकळ्या वेळाचा हक्क लिहिला आहे, आणि भारताने ती संहिता १९९२ साली स्वीकारली आहे. राज्यात मार्च २०२४ पासून पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' हा उपक्रम आला, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. त्या शनिवारीही कार्यक्रमांची गर्दी करून त्याचे फोटो पाठवण्याची धावपळ सुरू झाली, तर मात्र मुलांच्या वाट्याला काही येणार नाही.

शेवटी, प्रत्येक थकवा विश्रांतीने जात नाही, हेही पालकांनी लक्षात ठेवावे. मूल रोज घोरत असेल, तोंड उघडे ठेवून झोपत असेल आणि दहा तास झोपूनही सकाळी ताजेतवाने नसेल, तर वाढलेले टॉन्सिल किंवा नाकामागची ग्रंथी हे कारण असू शकते. बालरोगतज्ज्ञांना किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. रात्री पाय वळवळतात, ठेवू कुठे तेच कळत नाही, अशी तक्रार असेल तर रक्तातील लोहाची तपासणी करून घ्यावी. महिनाभर झोप उडाली आहे, मूल एकटे राहायला घाबरते, पोटदुखीचे कारण सापडत नाही, अशी स्थिती असेल तर समुपदेशकाला भेटण्यात संकोच बाळगू नये. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर शासनाची मानसिक आरोग्याची सेवा विनामूल्य मिळते आणि मराठीतही बोलता येते. आमच्या वर्गात एक मुलगा बाहुलीच्या खेळात दोन मिनिटांत गाढ झोपून घोरू लागे, आणि बाकीची मुले त्याच्यावर हसत. त्याच्या आईला मी त्याचे ते घोरणे मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकवले आणि डॉक्टरांकडे नेताना ते सोबत न्यायला सांगितले. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांतच तो दुपारभर जागा राहू लागला, आणि हल्ली शांतीच्या खेळात गिरणीचा पट्टा कधी थांबला हे सर्वांत आधी तोच सांगतो.